तंट्यातला धुरा

आमच्या वावराचा धुरा गावात सगळ्यांत घाणेरडा, हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि आता सत्तरी ओलांडली तरी ऐकतेच आहे. धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधली कड. पश्चिमेकडचे लोक तिला बांध म्हणतात. कष्टाळू शेतकऱ्याचा धुरा कसा असावा, तर वैशाखात पेटवून दिलेला, दोन्ही अंगांनी वखर लागून लागून वीतभर उरलेला, वस्तरा फिरवलेल्या डोक्यासारखा साफ. आमचा धुरा एवढा रुंद की त्यावर बैलबंडी आडवी उभी राहील. त्यावर बोरी आहेत, हिवर आहे, घाणेरी आहे, कंबरेइतकं कुसळी गवत आहे, आणि लुगड्याला कुसळं लावून घेतल्याशिवाय या वावरातून त्या वावरात जाता येत नाही. मागे माझ्या पुतण्याचा सासरा वावर पाहायला आला होता. कमरेवर हात ठेवून तो म्हणाला, "आत्याबाई, येवढी जागा वाया काहून घालवली?" मी म्हटलं, वाया कशाला जाईल, भाड्यानं दिली आहे. "कोनाले?" मी म्हटलं, तितराला. तो हसला. मी हसले नाही. ती जागा कशी राहिली ते आता लिहूनच ठेवते. ज्याला वाईट वाटायचं असेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

माझे बाबा आणि गणपतकाका सख्खे भाऊ. आजोबांनी वावर दोघांना वाटून दिलं तेव्हा मध्ये धुरा पडला, आणि धुऱ्यावर एक बाभूळ उभी होती. एका उन्हाळ्यात काकांनी वखराच्या दांडीसाठी ती बाभूळ तोडली. बाबा म्हणाले, बाभूळ माझी. काका म्हणाले, माझ्या अंगाला होती. शब्दानं शब्द वाढला आणि दोघे पारावर गेले. तिथे दाजीबा बसायचे. गावातले निम्मे तंटे त्यांनी मिटवले होते आणि उरलेले निम्मे त्यांच्यामुळेच टिकून होते. त्यांच्यासमोर दोन्ही भावांनी गाईची आण घेतली की यापुढे या धुऱ्यावरची काडी जो तोडेल तो चोर. झालं. त्या दिवसापासून धुऱ्याला ना विळा लागला, ना वखराची पास, ना आगकाडी. काका वावरात आले की बाबा कमरेवर हात ठेवून धुऱ्याकडे पाहत उभे राहायचे, आणि बाबा आले की काका. गवत वाढत गेलं, बोरी वाढत गेल्या. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, असं म्हणतात. आमच्याकडे तो तिसरा पंखवाला निघाला.

घरं मात्र एकाच अंगणातली, मध्ये मातीची भिंत. पलीकडे काकू जवस भाजायला लागली की वास आमच्या चुलीपर्यंत यायचा, आणि आमच्याकडे डाळीचे फुणके शिजले की त्यांच्यासोबत लागणारी कढी पलीकडे आज आहे का, हे आम्हाला फोडणीच्या आवाजावरून कळायचं. माझी माय आणि काकू लग्न होऊन आल्यापासून एका ताटात जेवलेल्या. आणेनंतर भावांनी घरच्यांनाही पलीकडे बोलायची बंदी केली तेव्हा मायनं तोड काढली. ती म्हशीला सांगायची. भिंतीजवळ म्हैस बांधलेली असायची, तिच्या पाठीवर हात फिरवत माय मोठ्यानं म्हणायची, "उद्या महागावचा बाजार हाय वं बाई. कोनाचं मीठ सरलं असंल तं सांगून ठेवा मानसानं." पलीकडून काकू कोंबड्यांना दाणे टाकता टाकता म्हणायची, "मीठ हाय आमच्या घरी. हिंग नाई." दुसऱ्या दिवशी हिंगाची पुडी भिंतीवर ठेवलेली असे. बाबा सगळं ऐकायचे आणि म्हशीशी बोलायला बंदी नाही म्हणून चालू द्यायचे.

सातवीनंतर माझी शाळा सोडवली. पुढची शाळा महागावला, आणि पोरीला एवढ्या लांब कोण धाडतो. मला ज्वारीच्या राखणीला बसवलं. वावरात मचाण, हातात गोफण, फडक्यात भाकर आणि जवसाची चटणी, आणि दिवसभर 'हाऽऽ हुर्र' करायचं. त्याच वर्षी काकांची कौसी, माझ्याच वयाची, धुऱ्यापलीकडच्या मचाणावर येऊन बसली. तिचीही शाळा सुटली होती. मी आमच्या ज्वारीतली पाखरं उडवली की ती तिच्या ज्वारीत जायची, तिनं उडवली की माझ्याकडे यायची. पहिले काही दिवस आम्ही एकमेकींना मनसोक्त शिव्या दिल्या. तिच्या गोफणीचा नेम असा की एकदा तिनं माझ्या मचाणावर टांगलेलं पाण्याचं मडकं फोडलं. मग एका दुपारी आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं की पाखरं माझ्याकडून तिच्याकडे सरळ जात नाहीत. आधी धुऱ्यात उतरतात, दम खातात, मग पुढे जातात. मी पाहायला धुऱ्याशी गेले. तीही पलीकडून आलेली. बोरीच्या फांद्या बाजूला केल्या तर समोर तिचं तोंड. दोघी दचकलो आणि मग पोट दुखेपर्यंत हसलो. आण काडी न तोडण्याची होती. न बसण्याची नव्हती.

त्या धुऱ्यात बसून आम्ही जे शिकलो ते कोणत्याही शाळेनं शिकवलं नसतं, असं मी म्हणणार नाही. शाळेत गेले असते तर मला आवडलंच असतं, आणि ती सोडवली याचा राग मला आजही आहे. पण जे मिळालं ते घट्ट धरलं. पाखराला पीक खायला लागतं, राहायला लागत नाही, हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. तितर भल्या सकाळी धुऱ्यातून निघून ज्वारीच्या पहिल्या दोन-चार तासांत, म्हणजे ओळींत, चरायचा आणि माणसाची चाहूल लागली की पळत पळत परत धुऱ्यात. वावराच्या मधोमध तितर मी कधी पाहिला नाही. लाव्याला बोरीखालची सावली नको, त्याला धुऱ्याच्या शेवटाकडचं, जिथं झुडपं सरतात तिथलं उंच गवत हवं. सातभाई पाचोळा उलटापालटा करत फिरायचे आणि सतत कुरकुरायचे. आम्ही त्यांना पंचमंडळी म्हणायचो. भारद्वाज घाणेरीच्या आतून घुमायचा, दिसायचा क्वचित. खाटीक हिवराच्या काट्यांना नाकतोडे टोचून ठेवायचा आणि तिथं दुसऱ्या कोणाला बसू द्यायचा नाही. कौसी म्हणायची, हा माह्या बाबाचा भाऊ.

सगळ्यांनाच धुरा हवा होता असंही नाही. टिटवी तिकडे फिरकायची नाही. तिला वरच्या अंगाची बरड, खडेच खडे, चारी बाजूंनी उघडी. झाडोरा जवळ आला की तिचा जीव घाबरतो. चंडोल पडीत जमिनीवरून उठायचा आणि गात गात तिथंच खाली यायचा. सुगरणीला विहिरीवर वाकलेली फांदीच पाहिजे. कोतवाल बैलाच्या पाठीवरून वखरामागे फिरायचा, निळकंठाला उंच खुंटी किंवा तार. ज्वारी निघाली, कापूस वेचून पऱ्हाट्याही उपटल्या गेल्या की वावरं उघडी बोडकी पडायची आणि मग जी काही पाखरं उरायची ती धुऱ्याच्या आसऱ्याला यायची. आसपासच्या साऱ्या शिवारात तेवढी एकच झाकलेली जागा होती. आमच्यासाठीही तेवढी एकच. घरी भाऊ होते, बाबा होते, 'कुठं गेलती, काहून गेलती' होतं. धुऱ्यात कोणी विचारत नव्हतं. आम्ही तितरासारखं ओरडायला शिकलो. तिनं पलीकडून हाक दिली की मी निघायची. आता ज्वारी कोणी पेरत नाही. सगळीकडे सोयाबीन, एका उंचीचं, वावराला वावर भिडलेलं, आणि त्या उरल्यासुरल्या धुऱ्यावरही तणनाशक मारतात. पाखरं कमी झाली म्हणून हळहळणारी माणसं मला भेटतात तेव्हा मी त्यांना विचारते, तुमचा धुरा केवढा आहे? बहुतेक जण विषय बदलतात.

आम्ही बऱ्यापैकी वाढलो तेव्हा दाजीबांना म्हातारपण आलं आणि मरायच्या आधी हा एक तंटा मिटवूनच जायचं असं त्यांनी मनावर घेतलं. ते रोज आळीपाळीनं दोन्ही घरी चहाला यायचे. शेवटी दोघे भाऊ तयार झाले. ठरलं ते असं: धुरा मोडायचा. झुडपं तोडून पेटवायची, जमीन अर्धी अर्धी वखरून घ्यायची, मध्ये दगडांची एक ओळ ठेवायची. दोघांनाही पिकाचे चार तास जास्तीचे मिळणार, म्हणजे दोघेही खूश. वैशाखातला दिवस धरला. वावरातच रोडगे-वांग्याचं जेवण, दाजीबांच्या हातचा नारळ, आणि मग कुऱ्हाडी. मायला तर इतका आनंद झाला की तिनं म्हशीला सांगायच्या ऐवजी भिंतीपलीकडे काकूलाच हाक मारली आणि जीभ चावली. हे मी लपवत नाही. माझ्या मायचा आनंद मला दिसत होता.

पण त्याच आठवड्यात धुऱ्यात तितरी अंड्यांवर बसली होती. कुठं? बाभळीच्या खुंटाच्या आडोशाला. कौसी आणि मी तिथं बसलो होतो, तितरीपासून जरा लांब. मी म्हटलं, अंडी उचलून दुसरीकडे ठेवू. ती म्हणाली, "ठेवशीन कुठं? साऱ्या शिवारात दुसरीकडं हायच काय? आन् आपन कुठं जाऊ?" मग म्हणाली, "हे ज्यानं राह्यलं त्यानंच राहीन, वच्छे. भांडनानं." मी वत्सला, पण मला सगळे वच्छीच म्हणत. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. समेट झाला तर धुरा जाणार होता. समेट मोडला तर तो राहणार होता. आणि समेट मोडायला आम्हा दोघींना एकमेकींच्या झिंज्या धराव्या लागणार होत्या, त्याही चारचौघांत. त्यानंतर बोलणं संपलं हेही दोघींना माहीत होतं. 

त्या दिवशी गोवऱ्यांचा जाळ पेटला होता, राखेत रोडगे फुगत होते, वांग्याच्या भाजीचा वास सगळ्या शिवारात. दाजीबांनी नारळ हातात घेतला होता. कौसी पाण्याची कळशी घेऊन माझ्या जवळून गेली आणि अर्धी कळशी तिनं माझ्या पायांवर सांडली. "सरक तिकून," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली. "आमच्या जागेवर कायले उभी राह्यली?"

"तुमची जागा? दगड तं बसू दे आधी."

"दगड बसो न बसो. बाभूळ आमचीच होती. माह्या बाबानं आपली बाभूळ तोडली. तुह्याच बाबानं उगाच बोंब मारली."

 बाबांच्या हातातला रोडगा राखेत परत पडला. मी पदर खोचला आणि जन्मात बोलले नव्हते इतक्या मोठ्यानं बोलले. "बाभूळ आमची होती! खुंट अजून आमच्याच आंगाले हाय. ज्याले पाहाचं त्यानं जाऊन पाहून घ्यावं!"

"पोरीओ, चूप बसा," दाजीबा म्हणाले. "झालं गेलं. नारळ फोडू द्या."

"थांबा दाजीबा," गणपतकाका उठले. "निंघालंच हाय तं पाहूनच घेऊ. खुंट आमच्या आंगाले हाय."

"कायचा तुमच्या आंगाले!" बाबाही उठले.

सगळी पंगत रोडगे सोडून धुऱ्यात घुसली. आम्ही दोघी पळत पुढे गेलो, कारण आता खरी भीती होती. इतक्या जोड्यांखाली अंडी राहिली नसती. मी खुंटाच्या एका अंगाला पाय रोवून उभी राहिले, आमचा खुंट राखायला. कौसी दुसऱ्या अंगाला, त्यांचा राखायला. तितरी आमच्या दोघींच्या पायांमध्ये गवतात दबून बसली होती आणि वर आम्ही एकमेकींच्या सात पिढ्या काढत होतो. खुंट पाहिला तर बरोबर मधोमध. बाबांनी आमच्या बाजूनं मोजायला सुरुवात केली, काकांनी त्यांच्या. माप कशाचं, तर हाताचं. दोघंही आपल्या अंगानं हात ताणून मोजायचे, समोरच्याच्या अंगानं आखडून. त्यामुळे बाबांच्या मापानं खुंट आमचा निघाला आणि काकांच्या मापानं त्यांचा. "पुन्हा मोज," "तूच मोज," करता करता दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि सोडवायला म्हणून दाजीबा मध्ये आले. त्यांचं धोतर गवताला लागलं आणि तितरी फडफडाट करत त्यांच्या तोंडासमोरून उठली. दाजीबा मागच्या मागे बोरीत पडले. त्यांना बाहेर काढलं तेव्हा पाठभर काटे होते. "मरो तुमचा धुरा," ते म्हणाले. "मी मेल्यावर भांडा." नारळ त्यांनी पिशवीत घातला आणि घरी नेला. रोडग्यांचा कोळसा झाला होता.

पुढच्या दिवशी तितरी परत येऊन बसलेली होती. आण पुन्हा घेतली गेली, आधीपेक्षा कडक: आता बायापोरींचं बोलणंही आणेत आलं, पलीकडच्यांशी बोलायचं नाही, धुऱ्याकडे जायचं नाही. संध्याकाळी माय म्हशीजवळ गेली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हशीची पाठ खाजवत म्हणाली, "गेलं तं गेलं वं बाई. पर धुरा राह्यला, बायामानसाले आडोसा राह्यला." पलीकडे कोंबड्यांना दाणे पडल्याचा आवाज आला. काकू म्हणाली, "पोरी आपल्याच हायेत. नाटकं करतेत. मले काय कळत नाई?" बाबांना काही कळलं नाही.

पाखरांपायी दोन घरं तोडली, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. घरं एका बाभळीपायी आधीच तुटली होती, आणि ती जोडण्यासाठी जी किंमत ठरली ती देणाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं, ना तितराला, ना आम्हाला. मायच्या त्या दिवसाचं मला वाईट वाटतं. पण तोच दिवस पुन्हा आला तर मी पुन्हा पदर खोचीन.

कौसीचं लग्न माझ्या आधी झालं. आम्हाला अक्षत नव्हती. तिच्या वरातीची बंडी आमच्या वावराच्या कडेनं जाणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी निंदणाचं निमित्त काढून तिथं जाऊन थांबले. बंडी आली. कौसी रडत होती, नवरीनं रडावं तशी, डोक्यावरून शेला. धुऱ्याजवळ आल्यावर तिनं शेला मागे सारला, बंडीत उभी राहिली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर ओरडली, "बाभूळ आमचीच होती, वच्छे!" मी ओरडले, "आमची होती! आमची!" बंडी दिसेनाशी होईपर्यंत ती ओरडत होती आणि मी उत्तर देत होते. पोरी किती निगरगट्ट, लग्नाच्या दिवशीही भांडण सोडत नाहीत, असं गाव वर्षभर बोलत होतं. याशिवाय आम्हाला एकमेकींचा निरोप घ्यायची दुसरी सोय नव्हती.

माझं लग्न पांढरकवड्याला झालं. हायवेवर नवऱ्याचं टायरांचं दुकान, दिवसरात्र ट्रक, पाखरू म्हणजे तारेवरचा कावळा. बाबा गेल्यावर भावानं हक्कसोडीचा कागद पुढे केला. बहिणींनी सही करून द्यायची अशी आपल्याकडे रीतच आहे. मी सांगितलं, वावर खुशाल कर, पीक तुझं, पण धुरा हलणार नाही आणि माझी सही मिळणार नाही. तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही. नंतर कळलं की पलीकडे कौसीनंही आपल्या भावाला हेच सांगितलं होतं, आणि आमचं बोलणं झालेलं नव्हतं. नवरा गेल्यावर मी गावी परतले. काही वर्षांनी तीही आली.

आता माझा पुतण्या संजू आणि तिचा पुतण्या चांगले दोस्त आहेत. एका मोटारसायकलवर फिरतात. त्यांना आण नाही, बाभूळ नाही, काही नाही. गेल्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून जेसीबी सांगितला. मशीन धुऱ्याशी येऊन उभं राहिलं तेव्हा मी या बाजूनं पोहोचले, कौसी त्या बाजूनं, हातात काठी, गुडघे वाकलेले. आमची नजरानजर झाली. तेवढं पुरलं.

"कोनाच्या जागेत मशीन घातली?" ती ओरडली. "हे आमचं हाय!"

"तुमचं? माह्या सहीशिवाय हात लावून पाहा! कोर्टात उभी करीन तुले, कौसे!"

"तू उभी करशीन? मीच तुले करतो!"

संजू म्हणाला, "आत्या, आवं आत्या, आमचं मिटलं हाय." मी म्हटलं, तुमचं मिटलं असेल, आमचं नाही मिटलं. ड्रायव्हर खाली उतरला, दोघी म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, माह्या मशिनीले झगड्यात नोका पाडू. पयले तुमचं पाहा, मंग बोलवा." मशीन वळवून तो गेला. पोरं त्याच्यामागे गेली, डोक्याला हात लावून.

धूळ बसेपर्यंत आम्ही भांडत राहिलो. मग मी बोरीच्या फांद्या बाजूला केल्या. समोर तिचं तोंड. ती खाली बसली, काठी बाजूला ठेवली आणि तिनं पदराच्या गाठीतून भाजलेलं जवस काढून माझ्या हातावर ठेवलं. आत कुठंतरी सातभाई कुरकुरत होते.

"वच्छे," ती म्हणाली, "आता कोनी नाई ऐकत. खरं सांग. बाभूळ कोनाची होती?"

"आमची," मी म्हटलं.

तिनं ढेकूळ उचललं आणि मला मारलं. नेम तिचा अजून तसाच आहे.